रेषेच्या अलीकडची कॅप्टन

"पाय! अरे, पाय बघ तुझा! रेषेवर पडलाय!"

नवरा जागच्या जागी थिजला. त्याच्या डोक्यावर डबल बेडची गादी होती, त्यामुळे त्याला रेषा तर सोडाच, अमेरिकाही दिसत नव्हती. त्याच्या मागे मी, मिक्सर, देवांचा डबा आणि प्रेशर कुकर असा सगळा संसार छातीशी धरून. आणि समोर पोर्चच्या पायरीवर गुडघे वाकवून, दोन्ही हात आडवे पसरून, गळ्यात शिट्टी घातलेली ऐंशीच्या घरातली एक गोरी म्हातारी. ती शिट्टी तिनं फुंकली. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलवरून दक्षिणेकडे निघालेला रानहंसांचा एक थवा त्या आवाजानं गर्रकन वळला आणि परत कॅनडाला गेला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. नवरा म्हणतो हंस नव्हते, कावळे होते. पण नवऱ्याच्या डोळ्यांवर गादी होती, हे ध्यानात घ्या.

तर ही आमची घरमालकीण. वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतलेला, खाली ती. ड्राइव्हवेच्या बरोबर मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक जाड पांढरी रेषा मारलेली. रेषेच्या पलीकडे गराज आणि गराजच्या कपाळावर बास्केटबॉलची रिंग. अलीकडे रस्ता, पोर्च आणि ती.

"फॉरवर्ड की गार्ड?" तिनं गादीला विचारलं.

"सॉफ्टवेअर," गादी म्हणाली.

"म्हणजे फॉरवर्ड. तुझी गाडी पलीकडे लागेल. आणि तू ग?"

मी काय सांगणार? नागपुरात मी बँकेचा अख्खा काउंटर एकटीनं हलवत होते. इथं माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेला. राहायची परवानगी, काम करायची बंदी. मी म्हटलं, "मी काहीच नाही."

"काहीच नाही अशी पोझिशन नसते," ती म्हणाली. "बघू. तोवर कुकर आत ठेव."

ती हे सगळं इंग्रजीतच बोलली हो. पण माझ्या कानात ती आजही अस्सल मराठीत खेकसते, त्याला माझा इलाज नाही. नाव तिचं सांगत नाही, कारण ते ती स्वतःही वापरत नसे. पोस्टमनपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी तिला 'कॅप्टन' म्हणायचं. आम्हीही म्हणायचो. कशाची कॅप्टन, हे कळायला मात्र पहिला हिवाळा उजाडावा लागला.

त्या हिवाळ्यात एका सकाळी इतका बर्फ पडला की पोस्टाची पेटी शोधायला मला कुदळ लागली. मी ड्राइव्हवे साफ करतेय, ही खिडकीत बसून बघतेय. मध्येच खिडकी वर करून ओरडली, "दोन पॉइंट!" मला वाटलं थंडीनं डोकं फिरलं बिचारीचं. मग थोड्या वेळानं, "पाठ वाकली! एक पॉइंट वजा!"

संध्याकाळी आल्याचा चहा घेऊन खाली गेले. या चहाला ती 'गरम चिखल' म्हणायची आणि दोन कप प्यायची. विचारलं, "कॅप्टन, कसले पॉइंट?"

"क्लबचे," ती म्हणाली. जणू काही मीच मूर्ख.

क्लब म्हणजे तिच्या शाळेतला मुलींचा अॅथलेटिक क्लब. गोष्ट जुनी, तिच्या हायस्कूलच्या दिवसांतली. तेव्हा मुलग्यांचे सामने दुसऱ्या शाळांशी व्हायचे, बँड वाजायचा, गावातली दुकानं लवकर बंद व्हायची. जिंकलेल्या मुलग्याला शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर मिळायचं, लोकरीचं, पुरणपोळीएवढं, स्वेटरच्या छातीवर शिवायला. मुलींना सामने नाहीत. मुलींना क्लब. शंभर पॉइंट केले की त्यांनाही अक्षर, पण नानकटाईएवढं. पॉइंट कशाचे? खेळाचे होतेच, शिवाय लांब चालण्याचे, ताठ बसण्याचे, वेळेवर झोपण्याचे. वर्षातून एकदा दुसऱ्या शाळेच्या मुली यायच्या, पण खेळताना दोन्ही शाळांची अशी मिसळ करायची की कुठलीच शाळा जिंकू नये आणि कुठलीच हरू नये. नंतर सगळ्यांना लिंबू सरबत.

"मुली जिंकल्या तर काय होईल अशी भीती होती?" मी विचारलं.

"सवय लागेल," कॅप्टन म्हणाली.

बास्केटबॉलही मुलींचा वेगळा. सहा जणींचा संघ. तिघी रेषेच्या पुढच्या अर्ध्या कोर्टात, त्या फॉरवर्ड, बास्केट त्यांनी करायची. तिघी मागच्या अर्ध्यात, त्या गार्ड. त्यांनी समोरच्या संघाला फक्त अडवायचं आणि चेंडू हाताला लागला की रेषेपलीकडे आपल्या फॉरवर्डकडे पास करायचा. रेषा कुणीही ओलांडायची नाही. का, तर पोरगी अख्खं कोर्ट धावली तर तिचं हृदय दमेल आणि पुढे संसाराला उपयोगी पडणार नाही, असं तेव्हाचे शहाणे म्हणायचे. कॅप्टन गार्ड होती. अशी गार्ड की तिच्या बाजूनं वारासुद्धा परवानगी काढून जायचा. चार वर्षं खेळली, आणि चार वर्षांत एकदाही बास्केटवर चेंडू टाकला नाही. टाकायचाच नसतो गार्डनं.

आता तुम्ही म्हणाल, शाळा सुटली, विषय संपला. मीही तेच म्हटलं. तर म्हातारी गळ्यातली शिट्टी धरून म्हणाली, "सुटली कुठे? मला कुणी मोकळं केलंय?"

क्लबची रीत अशी होती. वर्ष संपताना कोर्टाच्या मधल्या रेषेवर जुन्या कॅप्टननं शिट्टी फुंकायची आणि ती गरम असतानाच नव्या कॅप्टनच्या हातात द्यायची. हिच्या वर्षी नेमका त्याच सकाळी शाळेचा बॉयलर फुटला, सगळ्यांना घरी पाठवलं आणि सुट्टी लागली ती लागलीच. पुढच्या वर्षी नव्या बाईंनी दुकानातून नवी शिट्टी आणली.

"नवी शिट्टी म्हणजे बेकायदा," कॅप्टन म्हणाली. "खरी माझ्याकडे."

म्हणजे गेली साठेक वर्षं ही बाई त्या शाळेच्या मुलींच्या क्लबची कायदेशीर कॅप्टन होती आणि शाळेला पत्ताच नव्हता! आणि कॅप्टन असल्यामुळे नियम पाळणं आलं. स्कूल बस चालवायची आयुष्यभर. तिची बस थांबायच्या रेषेवर कधी केसभरही गेली नाही म्हणे. आणि ड्राइव्हवेवरची रेषा तिनं स्वतः रंगवलेली. तिच्या नवऱ्यानं लग्न झाल्या झाल्या गराजवर ती रिंग लावली, बायको रोज बास्केट टाकेल म्हणून. हिनं दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा आणला, मधोमध रेषा मारली आणि अलीकडे उभी राहिली. दर रविवारी तो पलीकडे चेंडू घेऊन उभा राहायचा. "ये की," म्हणायचा. ही म्हणायची, "पास कर." तो पास करायचा, ही परत करायची.

"आम्ही जन्मभर पासच खेळलो," ती एकदा म्हणाली आणि चहाच्या कपात बघत बसली. तो आम्ही यायच्या बऱ्याच आधी गेला. रेषा मारल्या दिवसापासून कॅप्टन स्वतःच्याच गराजमध्ये गेलेली नव्हती. खोटं वाटेल, पण गवत कापायचं मशीन, बर्फाचं फावडं, बागेची कात्री, सगळं पलीकडे, आणि ही अलीकडे. म्हणून तर तिला भाडेकरू लागायचे. पैशांची तिला गरज नव्हती. घरात एक फॉरवर्ड हवा होता.

नवऱ्याला यातलं काहीच विचित्र वाटलं नाही. तो पुण्याचा. दुसऱ्याच्या घरात नियम असणं त्याला अत्यंत नैसर्गिक वाटतं.

मला मात्र तिची गार्डगिरी बघायला भलती मजा यायची. कुणी तिच्या बाजूनं पुढे जायला लागलं की तिचे गुडघे आपोआप वाकायचे आणि हात पसरायचे. एकदा एका पार्सलवाल्याला तिनं असं अडवलं की तो दमून आमचं पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवून गेला. आमच्या मंडळाच्या गणपतीला तिला घेऊन गेले, तर तिथं जेवायला मुलं आधी बसतात हे तिनं ऐकलं. झालं. एक काका, मंडळाचे माजी अध्यक्ष, हळूच ताटली घेऊन श्रीखंडाच्या दिशेनं निघाले. काका डावीकडे सरकले, कॅप्टन डावीकडे. काका उजवीकडे, कॅप्टन उजवीकडे. काकांनी डावीकडे जातो असं दाखवून उजवीकडे उडी घेतली, आणि वॉकर घेऊन चालणारी म्हातारी तिथं आधीच हजर! पोरं टेबलांवर चढून ओरडायला लागली, "गो ग्रॅनी, गो!"

"अगं, कोण आहे ही बाई?" काका माझ्यावर घसरले. "सांग तिला, मी माजी अध्यक्ष आहे म्हणून!"

मी सांगितलं. ती काकांच्या ताटलीवरची नजर न हलवता म्हणाली, "सांग त्याला, मी अजून पदावर आहे."

श्रीखंड त्या वर्षी पहिल्यांदा मुलांना पुरलं.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मी गराजमधून कात्री आणली, "एक पॉइंट." सोफ्यावर लोळले, "एक वजा." मग एका वसंतात, सकाळी शिट्टीचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या अंगणातल्या खारी धिटाईनं रेषेवर बसून दाणे खायला लागल्या, तेव्हा मी चहा घेऊन खाली धावले.

कॅप्टन टेबलाशी बसली होती. समोर गावातला पेपर. तिच्या शाळेचं जुनं जिम पाडणार होते, सुट्ट्या लागल्या की लगेच. त्याआधीच्या शनिवारी जुन्या विद्यार्थ्यांना शेवटचं बघायला बोलावलं होतं.

"जाऊ ना आपण," मी म्हटलं. "गाडीनं नेते."

"त्या जिममधली पलीकडची रिंग मी समोरून कधी बघितली नाही," ती म्हणाली. "कायम लांबून. आता पाडतील."

"मग शनिवारी बघा. रेषा ओलांडा, जवळ जा, चांगले दोन-चार चेंडू टाका. कोण अडवणार आहे तुम्हाला?"

"मी," ती म्हणाली. "मी गार्ड आहे."

"पण कॅप्टनही आहात! क्लबात पोझिशन कोण ठरवायचं?"

"कॅप्टन."

"मग बदला की!"

"कुणाचीही बदलता येते," ती म्हणाली. "कॅप्टनची स्वतःची सोडून."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण शिट्टीची दोरी बोटाभोवती इतकी घट्ट गुंडाळली होती की बोटाचं टोक पांढरं पडलेलं. मला एकदम कळलं, ही साठ वर्षं कुणीतरी नवी कॅप्टन यायची वाट बघतेय. साधी गोष्ट. कुणी आलंच नाही.

मी म्हटलं, "मग मला करा कॅप्टन."

तिनं माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. पाठ ताठ केली मी, काय सांगू.

"कॅप्टन व्हायला क्लबची सभासद असावं लागतं. सभासदाला शंभर पॉइंट लागतात." ती क्षणभर डोळे मिटून बसली. "तुझे अठ्ठ्याण्णव आहेत."

अहो, मला हसावं की रडावं कळेना! मी वेडेपणा समजत होते, आणि ही बाई सगळा हिशेब डोक्यात ठेवून बसली होती. बर्फ, कात्री, पाठ, झोप, सगळं.

"मग आत्ता देऊन टाका ना दोन. चहाचे द्या."

"चहाचे पॉइंट नसतात," ती म्हणाली. "लांब चालण्याचे दोन असतात. कॅप्टननं डोळ्यांनी बघायला लागतं."

म्हणून त्या शनिवारी आमची वरात निघाली. शाळा घरापासून चांगली तासाभराच्या चालीवर. मी रस्त्याच्या कडेनं पायी, सलवार-कुर्ता आणि स्पोर्ट शूज. माझ्या शेजारून नवरा गाडी चालवतोय, माझ्याच वेगानं, धोक्याचे दिवे लावून. मागच्या खिडकीतून कॅप्टनचं डोकं आणि शिट्टी बाहेर. पाठ जरा वाकली की फुर्रर्र! आमच्या मागे गाड्या साचत गेल्या, एक, दोन, दहा. कुणाची हॉर्न वाजवायची हिंमत नाही, कारण सगळ्यांना वाटलं अंत्ययात्रा आहे. फुटपाथवरच्या एका आजोबांनी टोपी काढली. पुढच्या सिग्नलला पोलिसांची गाडी आली, आत डोकावली, कॅप्टननं त्यांना काहीतरी सांगितलं, आणि पोलीस लाल-निळे दिवे लावून आमच्या पुढे चालायला लागले. शाळेपाशी पोचेपर्यंत मागची रांग थेट शिकागोपर्यंत गेली होती. नवरा म्हणतो सातच गाड्या होत्या. तो पुढे बघून गाडी चालवत होता, त्याला मागचं काय दिसणार?

शाळेच्या दारात कॅप्टन उतरली आणि म्हणाली, "शंभर." बस्स, एवढंच. मी घामानं निथळत होते आणि मला बँकेतल्या सगळ्या बढत्यांपेक्षा जास्त आनंद झाला होता.

जिममध्ये भिंतभर मुलग्यांच्या ट्रॉफ्या. म्हातारे झालेले मुलगे जुने स्वेटर घालून आलेले, पुढची बटणं लागत नाहीत, पण पुरणपोळीएवढी अक्षरं छातीवर शाबूत. कॅप्टन कुणाकडे न बघता वॉकर टकटकवत थेट मधल्या रेषेवर गेली. लाकडाला पॉलिशचे कितीतरी थर चढले होते, पण रेषा तीच. ती अलीकडे उभी राहिली. तिनं शिट्टी फुंकली. अख्खं जिम गप्प. मग शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. खरंच गरम होती.

"फुंक," ती म्हणाली.

मी फुंकली. नुसती हवा. दुसऱ्यांदा फुंकली, तेव्हा कुठे आवाज निघाला.

"आता बोल, कॅप्टन."

मला कॅप्टन म्हणाली ती. मी पाठ ताठ केली. म्हटलं, "गार्डची फॉरवर्ड."

तिनं वॉकर रेषेच्या अलीकडे सोडला आणि माझा दंड धरला. उजवा पाय उचलला. तो पाय रेषेवर अधांतरी थांबला. इतका वेळ थांबला, की त्या वेळात मी माझ्या सगळ्या देवांना एकेक करून हाक मारली. मग तो पलीकडे टेकला. मग डावा.

कुणीतरी चेंडू आणून दिला. ती रिंगच्या समोर, अगदी जवळ उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. मग दोन्ही हातांनी, खालून, जुन्या पद्धतीनं चेंडू टाकला. अर्ध्यातच खाली आला. पुन्हा टाकला. जाळीच्या खालच्या धाग्याला जरासा लागला. तिसरा लोखंडावर आपटून तिच्याच हातात परत आला.

इथं मी तुम्हाला सांगू शकते, की चौथा आत गेला. हंसांचं ऐकलंत, शिकागोपर्यंतची रांग ऐकलीत, हेही ऐकाल. पण नाही गेला. एकही गेला नाही.

तेवढ्यात पुरणपोळीवाल्यांपैकी एक म्हातारा हसत हसत पुढे आला. "असं नाही, डार्लिंग. थांब, मी दाखवतो," म्हणाला, चेंडू तिच्याकडून घेतला, ऐटीत डोक्यावर उचलला, आणि फाट्! कॅप्टनचा हात कुठून आला कुणालाच दिसलं नाही. चेंडू पार ट्रॉफ्यांच्या कपाटावर जाऊन आदळला. म्हातारा रिकामे हात वर धरून उभा. अख्खं जिम छप्पर उडेल असं ओरडलं. छप्पर थोडं उडालंही असेल, नाहीतरी पाडायचंच होतं.

परतीच्या वाटेत मीही गाडीत बसले होते, शिट्टी माझ्या गळ्यात. आज ती शिट्टी माझ्या स्वतःच्या घरातल्या स्वयंपाकघरात टांगलेली आहे. मला पुढे कामाची परवानगी मिळाली, नोकरी लागली, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आलो. कॅप्टन मागच्या हिवाळ्यात गेली. पण ते नंतरचं.

त्या शनिवारी घरी पोचल्यावर ती ड्राइव्हवेवर उतरली. माझा हात नको म्हणाली. वॉकर टेकत रेषेपर्यंत गेली. थांबली नाही. रेषा ओलांडून, रिंगखालून, गराजचं दार वर सरकवून आत गेली. आत तिच्या गेलेल्या नवऱ्याचं सगळं होतं: हत्यारं, खिळ्याला लटकवलेलं जाकीट, आणि कोपऱ्यात चेंडू, ज्यात तो दरवर्षी आठवणीनं हवा भरायचा. आम्ही दोघं अलीकडे उभे. नवरा काहीतरी बोलायला गेला, मी त्याला चिमटा काढला.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. डोळे लाल होते की तो गराजच्या दाराचा रंग होता, मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांनी पलीकडे गेलेल्या माणसाला काय विचारायचं असतं? मी विचारलं, "कॅप्टन, आत काय?"

"झाडायला झालंय," ती म्हणाली.